मारियान स्मोलुखोव्स्की

मारियान स्मोलुखोव्स्की (जन्म : फोर्डरब्र्यूल, व्हिएन्नाजवळ, ऑस्ट्रिया-हंगेरी, २८ मे, १८७२, मृत्यू : क्राकूफ, ५ सप्टेंबर, १९१७) हे पोलिश भौतिकशास्त्रज्ञ होते. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची हालचाल हा त्यांच्या संशोधनाचा मध्यवर्ती विषय होता. विद्युत् क्षेत्रामुळे असे कण किती वेगाने सरकतात, हे सांगणारे त्यांचे १९०३ मधील सूत्र आजही कलिल रसायनशास्त्रात रोज वापरले जाते. ब्राउनीय गतीची उपपत्ती त्यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्यापासून स्वतंत्रपणे मांडली. बाह्य बलाच्या प्रभावाखालील कणांच्या विसरणाचे समीकरण आणि कलिल कणांच्या साखळण्याचा गणिती सिद्धांत ही त्यांची अखेरच्या वर्षांतील महत्त्वाची कामे होत. रेणू खरोखर अस्तित्वात आहेत की ती केवळ सोयीची कल्पना आहे, हा वाद ज्या काळात मिटला, त्या काळातील प्रमुख शास्त्रज्ञांमध्ये त्यांची गणना होते.

बालपण आणि शिक्षण

स्मोलुखोव्स्की यांचा जन्म एका सुशिक्षित पोलिश कुटुंबात झाला. त्या काळी पोलंड स्वतंत्र राष्ट्र नव्हते. त्याचा प्रदेश रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात वाटला गेला होता. वडील व्हिल्हेल्म हे कायदेतज्ज्ञ होते आणि सम्राट फ्रान्झ योझेफ यांच्या दरबारी कार्यालयात अधिकारी होते. आईचे नाव तेओफिला. थोरले भाऊ तादेऊश हे पुढे रसायनशास्त्रज्ञ आणि गिर्यारोहक म्हणून ओळखले गेले. कुटुंब व्हिएन्नाच्या परिसरात राहत असले, तरी घरातील वातावरण पोलिश होते.

त्यांचे शालेय शिक्षण व्हिएन्नातील थेरेझियानुम या नामांकित संस्थेत झाले. तेथील शिक्षक आलोइस ह्योफ्लर यांच्यामुळे त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लागली. १८९० मध्ये त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठात प्रवेश घेतला. योझेफ स्टेफान आणि फ्रान्झ एक्सनर हे तेथे त्यांचे अध्यापक होते. लुडविग बोल्ट्झमन यांच्या लेखनाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला आणि वायूंच्या गत्यात्मक सिद्धांताचे ते आयुष्यभर पुरस्कर्ते राहिले. मऊ पदार्थांच्या स्थितिस्थापकतेचा ध्वनीच्या साहाय्याने केलेला अभ्यास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १८९५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. ती सम्राटाच्या नावे, विशेष सन्मानासह देण्यात आली.

परदेशातील वास्तव्य

१८९५ ते १८९७ या काळात स्मोलुखोव्स्की यांनी युरोपातील तीन प्रयोगशाळांमध्ये काम केले. पॅरिसमध्ये ते गाब्रिएल लिपमन यांच्याकडे, ग्लासगो येथे लॉर्ड केल्व्हिन यांच्याकडे आणि बर्लिनमध्ये एमिल वारबुर्ग यांच्याकडे होते. ग्लासगो येथे केल्व्हिन व बीटी यांच्यासह त्यांनी क्ष-किरण, अतिनील प्रकाश आणि युरेनियमचे किरण यांमुळे वायूंमध्ये होणाऱ्या विद्युत् परिणामांवर प्रयोग केले. हे किरण तेव्हा नुकतेच सापडले होते. ग्लासगो विद्यापीठाने पुढे १९०१ मध्ये त्यांना मानद पदवी दिली.

बर्लिनमध्ये त्यांनी विरळ वायूंमधील उष्णतावहनाचा अभ्यास केला. वायू पुरेसा विरळ असेल, तर भिंतीचे तापमान आणि भिंतीला लागून असलेल्या वायूचे तापमान यांत एकदम फरक पडतो, हे त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दाखवून दिले. वायू हे सलग द्रव्य मानले, तर अशा फरकाचे कारण सापडत नाही. तो रेणूंचा समूह मानला, तर मात्र हा परिणाम अपेक्षितच ठरतो.

ल्वुफ विद्यापीठ

१८९९ मध्ये स्मोलुखोव्स्की गॅलिशिया प्रांतातील ल्वुफ (आजचे युक्रेनमधील ल्विव) येथील विद्यापीठात दाखल झाले. गॅलिशिया ऑस्ट्रियाच्या अखत्यारीत असला, तरी तेथील विद्यापीठांत पोलिश भाषेतून अध्यापन चालत असे. १९०० मध्ये त्यांना प्राध्यापकपद मिळाले आणि १९०३ मध्ये ते पूर्ण प्राध्यापक झाले. १९०१ मध्ये त्यांचा विवाह झोफिया बारान्येत्स्का यांच्याशी झाला. त्या गणितज्ञ मारियान बारान्येत्स्की यांच्या कन्या होत. या दांपत्याला आल्दोना ही मुलगी आणि रोमान हा मुलगा झाला. रोमान स्मोलुखोव्स्की हेही पुढे भौतिकशास्त्रज्ञ झाले आणि त्यांनी अमेरिकेत काम केले.

ल्वुफ येथील सुमारे चौदा वर्षांत स्मोलुखोव्स्की यांचे बहुतेक महत्त्वाचे सैद्धांतिक संशोधन झाले. १९०५-०६ मध्ये काही काळ ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांच्याकडेही होते.

विद्युत् क्षेत्रातील कणांचा सिद्धांत

पार्श्वभूमी

पाण्यात तरंगणारे मातीचे कण विद्युत् प्रवाहामुळे एका अग्राकडे सरकतात आणि कण जागीच दाबून धरले तर त्यांच्यामधील पाणी उलट दिशेने वाहते, हे फर्डिनांड रॉइस यांनी मॉस्को येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले होते. पहिल्या परिणामाला विद्युत् संचारण (इलेक्ट्रोफोरेसिस) आणि दुसऱ्याला विद्युत् तर्षण म्हणतात. व्हीडेमान व क्विंके यांनी या विषयावर पद्धतशीर मोजमापे केली. हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी १८७९ मध्ये त्यांचे पहिले गणिती स्पष्टीकरण दिले. घन पदार्थाच्या पृष्ठभागावर एका जातीचा विद्युत् भार असतो आणि त्याला लागून असलेल्या द्रवात तितकाच विरुद्ध भार जमतो, ही विद्युत् द्विस्तराची कल्पना त्यांच्या स्पष्टीकरणाच्या मुळाशी होती. मात्र त्यांचे गणित मुख्यतः साध्या आकाराच्या केशनळीपुरते होते. मातीचा गोळा, सच्छिद्र भांडे किंवा वेडावाकडा कण यांना ते का लागू पडावे, हे स्पष्ट नव्हते.

१९०३ चे सूत्र

स्मोलुखोव्स्की यांनी १९०३ मध्ये क्राकूफच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत फ्रेंच भाषेत लेख लिहून हा प्रश्न सर्वसाधारण स्वरूपात सोडवला. त्यांच्या प्रतिमानातील मुख्य कल्पना अशी : कण आणि त्याच्याभोवतीचा विरुद्ध भाराचा पातळ थर मिळून एकूण भार शून्य असतो. त्यामुळे बाह्य क्षेत्राचे या जोडीवरील एकूण बलही शून्य असते. तरीही कण हलतो, कारण क्षेत्र कणाला एका दिशेने आणि थरातील द्रवाला विरुद्ध दिशेने ओढते. कण जणू त्या पातळ थरावरून घसरत पुढे जातो.

पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूपाशी हा घसरण्याचा वेग तेथील पृष्ठभागास समांतर असलेल्या विद्युत् क्षेत्राच्या प्रमाणात असतो. थराबाहेरील द्रवावर विद्युत् बल नसते. तेथील प्रवाहाचे समीकरण आणि विद्युत् क्षेत्राचे समीकरण एकाच स्वरूपाचे होते. म्हणून द्रवाचा वेग सर्वत्र त्या ठिकाणच्या क्षेत्राच्या प्रमाणात ठेवला, की सर्व अटी एकाच वेळी पूर्ण होतात. यातून मिळणारे उत्तर अतिशय सोपे आहे. कणाचा वेग काढण्यासाठी द्रवाची विद्युत् अपार्यता, पृष्ठभागाजवळील विद्युत् विभव (ज्याला पुढे झीटा विभव हे नाव रूढ झाले) आणि बाह्य क्षेत्राची तीव्रता यांचा गुणाकार करून त्याला द्रवाच्या श्यानतेने भागावे. कणाचा आकार, त्याचे आकारमान किंवा त्याचा एकूण भार यांपैकी काहीही सूत्रात येत नाही.

या सूत्राला हेल्महोल्ट्झ-स्मोलुखोव्स्की समीकरण म्हणतात. उदाहरणार्थ, २५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात झीटा विभव ५० मिलिव्होल्ट असेल आणि क्षेत्र दर सेंटिमीटरला १ व्होल्ट असेल, तर कण सेकंदाला सुमारे ४ मायक्रोमीटर सरकतो. हा वेग सूक्ष्मदर्शकातून पाहून घड्याळाने मोजता येतो. त्यामुळे प्रत्यक्ष न दिसणारा पृष्ठभागावरील विभव एका साध्या मोजमापातून काढण्याची वाट खुली झाली. हेच सूत्र चिन्ह बदलून विद्युत् तर्षणालाही लागू पडते. द्रव दाबाने ढकलल्यावर निर्माण होणारा विभव आणि कण खाली बसताना निर्माण होणारा विभव यांचेही स्पष्टीकरण त्यांनी त्याच पायावर दिले.

सूत्राच्या मर्यादा

सूत्राचा साधेपणा काही गृहीतकांवर उभा आहे. द्विस्तराची जाडी कणाच्या मानाने फार कमी असली पाहिजे, कण विद्युत् रोधक असला पाहिजे, पृष्ठभागावरील विभव सर्वत्र सारखा असला पाहिजे आणि बाह्य क्षेत्रामुळे द्विस्तराची घडण बिघडता कामा नये. दर लिटरला एक सहस्रांश मोल मीठ असलेल्या पाण्यात द्विस्तराची जाडी सुमारे १० नॅनोमीटर असते. त्यामुळे एक मायक्रोमीटर त्रिज्येच्या कणाला सूत्र चांगले लागू पडते. काही नॅनोमीटर त्रिज्येच्या प्रथिनाच्या रेणूला ते तसेच्या तसे लावता येत नाही.

पृष्ठभागालगतच्या थरातून होणारे जादा विद्युत् वहन निष्कर्षात फरक पाडू शकते, याकडे स्वतः स्मोलुखोव्स्की यांनीच लक्ष वेधले होते. लिओ ग्रेट्झ यांनी संपादित केलेल्या वीज व चुंबकत्वावरील ग्रंथमालेत १९१४ मध्ये त्यांनी या संपूर्ण विषयाचा सविस्तर आढावा घेतला. विद्युत् भारित कणांमुळे द्रवाची श्यानता वाढते, या परिणामाचाही त्यांनी १९१६ मध्ये विचार केला.

त्यांच्यानंतर या मर्यादा एकेक करून ओलांडल्या गेल्या. एरिख ह्युकेल यांनी १९२४ मध्ये द्विस्तराच्या मानाने अतिशय लहान असलेल्या कणांसाठी स्मोलुखोव्स्कींच्या दोन-तृतीयांश इतका वेग मिळवला. दोन्ही उत्तरे परस्परविरोधी वाटत होती. डी. सी. हेन्री यांनी १९३१ मध्ये ती एकाच सूत्राची दोन टोके असल्याचे दाखवले. ओव्हरबेक यांनी १९४३ मध्ये द्विस्तराच्या विकृतीचा हिशेब मांडला. ओब्रायन व व्हाइट यांनी १९७८ मध्ये संगणकाच्या साहाय्याने गोलाकार कणासाठी पूर्ण समीकरणे सोडवली. पातळ द्विस्तर असेल तर वेग आकारावर अवलंबून नसतो, या निष्कर्षाची अधिक काटेकोर सिद्धता मॉरिसन यांनी १९७० मध्ये दिली. या प्रत्येक सिद्धांताची तपासणी करताना द्विस्तर पातळ होत गेल्यास उत्तर स्मोलुखोव्स्कींच्या सूत्राकडे जाते की नाही, हे प्रथम पाहिले जाते.

ब्राउनीय गती

सूक्ष्मदर्शकाखाली द्रवातील कण कोणत्याही बाह्य क्षेत्राविना सतत थरथरताना दिसतात. ही गती रेणूंच्या आघातांमुळे असावी, असा तर्क पूर्वीपासून होता. त्यावर कार्ल फोन नेगेली यांनी १८७९ मध्ये आक्षेप घेतला होता. एका रेणूच्या आघाताने कणाला मिळणारा वेग नगण्य असतो आणि सर्व दिशांनी होणारे आघात एकमेकांना रद्द करतात, असे त्यांचे म्हणणे होते.

स्मोलुखोव्स्की यांनी या युक्तिवादातील चूक दाखवून दिली. नाणेफेकीच्या खेळात अनेक डाव झाल्यावर जय आणि पराजय नेमके सारखे असत नाहीत. डावांची संख्या वाढत जाते, तशी दोहोंतील तफावत त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. आघातांचेही तसेच आहे. त्यांची संख्या प्रचंड असल्यामुळे उरणारी तफावतही कणाला हलवण्याइतकी मोठी असते.

आपले निष्कर्ष प्रयोगाने पडताळून मगच प्रसिद्ध करावेत, असा त्यांचा विचार होता. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांचा लेख आल्यावर त्यांनी १९०६ मध्ये आपली उपपत्ती प्रसिद्ध केली. दोघांच्या पद्धती वेगळ्या होत्या. आइन्स्टाइन यांनी ऊष्मागतिकीच्या सर्वसाधारण तत्त्वांपासून सुरुवात केली होती, तर स्मोलुखोव्स्की यांनी प्रत्यक्ष आघातांचे चित्र डोळ्यांपुढे ठेवले होते. दोघांनाही कणाच्या सरासरी विस्थापनाचा वर्ग काळाच्या प्रमाणात वाढतो हाच नियम मिळाला, मात्र स्मोलुखोव्स्कींच्या उत्तरातील संख्यात्मक गुणक वेगळा होता. पोल लांजव्हँ यांनी १९०८ मध्ये आइन्स्टाइन यांचा गुणक बरोबर असल्याचे दाखवले आणि स्मोलुखोव्स्की यांनी पुढे तोच स्वीकारला. झां पेरँ यांच्या प्रयोगांनी हे नियम सिद्ध झाल्यावर रेणूंच्या अस्तित्वाविषयीचा विरोध जवळजवळ मावळला. पेरँ यांना १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्मोलुखोव्स्की समीकरण

विद्युत् क्षेत्रातील कणाची ठरावीक दिशेने होणारी सरक आणि ब्राउनीय गतीतील दिशाहीन भटकंती यांचा स्मोलुखोव्स्की यांनी आधी स्वतंत्रपणे विचार केला होता. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी दोन्ही एकत्र आणल्या. कणावर बाह्य बल असताना तो दिलेल्या वेळी दिलेल्या ठिकाणी सापडण्याची शक्यता काळानुसार कशी बदलते, हे सांगणारे समीकरण त्यांनी मांडले. त्यात एक पद बलामुळे होणाऱ्या सरकेचे आणि दुसरे विसरणाचे आहे. बल गुरुत्वाकर्षणाचे असो, स्प्रिंगचे असो वा विद्युत् क्षेत्राचे, समीकरणाचे स्वरूप तेच राहते. कणाची गतिशीलता आणि त्याचा विसरण गुणांक यांना तापमानाशी जोडणारा संबंध आइन्स्टाइन-स्मोलुखोव्स्की संबंध या नावाने ओळखला जातो. द्रवातील भारित कणांचे संगणकीय प्रतिमान तयार करताना हे समीकरण आजही मूलभूत मानले जाते.

कलिलांचे साखळणे

सोन्याच्या सूक्ष्म कणांचे लालसर कलिल मीठ घालताच निळसर होते आणि कण एकत्र येऊन तळाशी बसतात. मिठामुळे द्विस्तर आखडतो आणि कणांमधील प्रतिकर्षण निष्प्रभ होते. गोटिंगेन येथील रसायनशास्त्रज्ञ रिखार्ड झिगमोंडी या प्रक्रियेच्या वेगाची मोजमापे करत होते. त्यांच्या विनंतीवरून स्मोलुखोव्स्की यांनी तिचा गणिती सिद्धांत तयार केला. तो १९१६ मध्ये गोटिंगेन येथील तीन व्याख्यानांत आणि १९१७ मध्ये सविस्तर लेखात प्रसिद्ध झाला.

प्रतिकर्षण पूर्णपणे नाहीसे झाले असेल, तर दोन कण केवळ ब्राउनीय गतीने एकमेकांजवळ येतात आणि स्पर्श होताच चिकटतात, असे त्यांनी गृहीत धरले. यातून निघालेल्या उत्तरात कणांची त्रिज्या पुन्हा एकदा नाहीशी होते. मोठा कण सहज सापडतो, पण हळू भटकतो. लहान कण वेगाने भटकतो, पण त्याला गाठणे अवघड असते. दोन्ही परिणाम एकमेकांना तंतोतंत रद्द करतात. पाण्याच्या दर घन सेंटिमीटरमध्ये १००० कोटी कण असतील, तर सामान्य तापमानाला त्यांची संख्या निम्मी होण्यास सुमारे २० सेकंद लागतात. ढगांतील थेंब आणि हवेतील धूलिकण यांच्या अभ्यासातही हा सिद्धांत उपयोगी पडला.

इतर कार्य

१९०८ मध्ये स्मोलुखोव्स्की यांनी क्रांतिक बिंदूजवळ वायू दुधाळ का दिसतो, याचे कारण दिले. रेणूंच्या यादृच्छिक हालचालींमुळे वायूची घनता जागोजागी किंचित कमीजास्त होत राहते. क्रांतिक बिंदूजवळ हे चढउतार मोठे होतात आणि प्रकाश विखुरतात. आकाशाच्या निळ्या रंगाचा संबंधही त्यांनी या चढउतारांशी जोडला.

१९१२ मध्ये म्युन्स्टर येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाची चिकित्सा केली. एकाच बाजूला उघडणाऱ्या सूक्ष्म झडपेच्या साहाय्याने रेणू निवडता येतील काय, हा प्रश्न त्यांनी विचारला. झडप स्वतःच ब्राउनीय गतीने थरथरत राहील आणि निवड निष्फळ ठरेल, असे त्यांनी दाखवले. दुसरा नियम मोडल्यासारखे क्षणिक प्रसंग घडतात, पण त्यांतून कायम चालणारे यंत्र बनत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

गिर्यारोहण

स्मोलुखोव्स्की हे निष्णात गिर्यारोहक होते. तरुणपणी भाऊ तादेऊश यांच्यासह त्यांनी आल्प्स पर्वतात अनेक कठीण चढाया केल्या. त्यांपैकी काही मार्गांवर त्यांच्याआधी कोणी गेले नव्हते. पोलंडमध्ये आल्यावर तात्रा पर्वतात त्यांची भ्रमंती चालू राहिली. स्कीइंग आणि पियानोवादन यांचीही त्यांना आवड होती.

क्राकूफ आणि अखेर

१९१३ मध्ये ते क्राकूफच्या यागेलोनियन विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. आउगुस्ट व्हिट्कोव्स्की यांच्या निधनामुळे हे पद रिक्त झाले होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि गॅलिशिया रणभूमी बनला. बाह्य बलाखालील विसरण आणि कलिलांचे साखळणे यांवरील त्यांचे लेखन या युद्धकाळातच झाले. पोलिश भाषेत स्वयंअध्ययन करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक ग्रंथातही त्यांनी भौतिकशास्त्राविषयी लिहिले.

१९१७-१८ या शैक्षणिक वर्षासाठी त्यांची विद्यापीठाचे रेक्टर म्हणून निवड झाली. मात्र पदभार स्वीकारण्यापूर्वीच आमांशाच्या साथीत ५ सप्टेंबर, १९१७ रोजी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. क्राकूफच्या राकोवित्स्की दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. पोलंड स्वतंत्र होण्यास तेव्हा एक वर्षाहून थोडा अधिक काळ उरला होता. आइन्स्टाइन आणि आर्नोल्ड झोमरफेल्ड या दोघांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिले.

वारसा

स्मोलुखोव्स्की यांचे समग्र लेखन १९२४ ते १९२८ या काळात क्राकूफ येथे तीन खंडांत प्रसिद्ध झाले. झिगमोंडी यांना १९२५ चे आणि थेओडोर स्वेडबर्ग यांना १९२६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पेरँ यांच्याप्रमाणेच या दोघांच्या प्रयोगांचाही स्मोलुखोव्स्कींच्या सिद्धांतांशी निकटचा संबंध होता. भारतीय वंशाचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये यादृच्छिक प्रक्रियांवर लिहिलेल्या प्रसिद्ध आढाव्यात स्मोलुखोव्स्कींच्या कार्याची सविस्तर मांडणी केली आणि ताऱ्यांच्या गतीच्या अभ्यासात त्याच पद्धती वापरल्या.

आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये विद्युत् संचारणाने रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करून दाखवल्यानंतर या विषयाला वैद्यकात मोठे महत्त्व आले. आज रंग, औषधे व मातीची भांडी यांसाठी लागणाऱ्या कलिलांचे स्थैर्य तपासताना झीटा विभव मोजला जातो. मोजणारी उपकरणे कणांचा वेग टिपतात आणि पुरेशा मोठ्या कणांसाठी तो १९०३ च्या सूत्राने विभवात बदलतात. केसापेक्षा बारीक वाहिन्या असलेल्या चिपमध्ये पंपाविना द्रव वाहून नेण्यासाठी विद्युत् तर्षणाचा वापर होतो आणि त्या प्रवाहाचा पहिला अंदाजही याच सूत्राने केला जातो.

पोलिश भौतिकशास्त्र संस्था त्यांच्या नावाने पदक देते. चंद्रावरील एका विवरालाही स्मोलुखोव्स्की यांचे नाव देण्यात आले आहे.